मुहूर्ताच्या मिनिटाला कॅमेरा कोणाच्या हातात?

पोरी, कार्यालय ठरलं, आचारी ठरला, आता फोटोग्राफर शोधताय म्हणे. मग मामाचं थोडं ऐक, जावईबापूंनाही वाचून दाखव.

चिंचवडच्या कुठल्याही स्टुडिओत गेलात की वेगवेगळ्या लग्नांतले निवडक फोटो पुढ्यात ठेवतील. त्यांना भुलू नका. एकाच लग्नाचे सगळे फोटो मागा, हळदीपासून पाठवणीपर्यंत. लग्नही आपल्यासारखंच हवं. लॉनवर सकाळच्या उजेडात फोटो बरे येतातच. आळंदीच्या कार्यालयात गोरज मुहूर्ताला, स्टेजवर जांभळे-निळे लाइट लावलेले असताना नवरीच्या आईचा चेहरा कसा आलाय, ते बघा.

मग तोंडावर विचारा, आमच्या लग्नाला तुम्ही स्वतः येणार का? तुळशीची लग्नं उरकली की तिथी सुरू होतात. दाट तिथीला आळंदीत किती वराती निघतात, ते तू लहानपणापासून पाहतेस. अशा दिवशी काही स्टुडिओ दोन-तीन ऑर्डरी घेतात, आणि ज्याचं काम पाहून विसार दिला तो सोडून दुसराच कोणी येतो. येणाऱ्याचं नाव, पोहोचण्याची वेळ, अल्बमची पानं, फोटो कधी मिळणार, सगळं कागदावर घ्या. चाकणहून निघणार असेल तर तळेगाव चौकातली कोंडी धरूनच वेळ लिहा.

शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, हार पडतात. सगळं मिनिटभरात होतं, आणि नेमके तेव्हाच पाहुण्यांचे मोबाइल वर येतात. एक कॅमेरा तुमच्यावर असेल, तर तुझ्या आईबाबांवर कोणाचा? माझं मत स्पष्ट आहे: प्री-वेडिंग कमी करा, ड्रोन सोडा, पण दुसरा माणूस घ्या. ड्रोन हवाच असेल, तर 2021 च्या नियमांप्रमाणे नोंदणी आहे का, डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा तपासली का, विचारा. आपल्याकडे देहूरोड-दिघीला लष्कराची हद्द आणि लोहगावला हवाई दलाचा तळ आहे.

जावईबापूंचं गणगोत लातूरकडचं. त्यांच्या रीती इथल्या फोटोग्राफरला ठाऊक असतीलच असं नाही. कानपिळी, झाल, सूनमुख कधी, कुठे, ते आधी सांगा. आणि दोन्ही घरांतला एकेक माणूस त्याच्यासोबत ठेवा, म्हाताऱ्या मंडळींकडे बोट दाखवायला. गावाहून आलेली आजी कोपऱ्यात बसून जेवून निघून जाते. तिचा फोटो परत काढता येत नाही.

हक्काचंही ऐकून ठेवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक तुम्ही, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणून सही करण्याआधी ती ओळ शोधा. तुमचे फोटो त्याने जाहिरातीला वापरायचे की नाही, तेही लिहा.

बाकी पैशांचा एक हप्ता अल्बम हातात येईपर्यंत राखून ठेवा. पण त्यालाही खोळंबवू नका. पुष्कळदा अल्बम रखडतो तो आपण फोटो निवडून देत नाही म्हणून. पहिल्या रविवारीच बसा, आणि सगळे फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन्ही घरी ठेवा.

आणि त्या पोरांच्या जेवणाचं धाकट्याला सांगून ठेव. पंगत बसते तेव्हा ती मंडळी पंगतीचेच फोटो काढत असतात, म्हणून त्यांची पानं मुहूर्ताआधीच वाढायला सांग.