साधनाचे वर्णन कसे लिहावे

‘दिल्लीचे तिकीट’ असे प्रवासी म्हणतो, तेव्हा त्याला नेमके कोणते स्थानक अभिप्रेत असते? दिल्ली जंक्शन, नवी दिल्ली, हजरत निजामुद्दीन, आनंद विहार, सराय रोहिल्ला आणि दिल्ली छावणी ह्या सर्वांना व्यवहारात ‘दिल्ली’च म्हटले जाते. मुंबईची राजधानी एक्सप्रेस नवी दिल्लीहून सुटते, तर ऑगस्ट क्रांती राजधानी निजामुद्दीनहून. आरक्षणाच्या खिडकीमागे बसलेला अनुभवी कारकून हा घोळ एका प्रश्नात सोडवितो. ह्या ज्ञानाचा बराच भाग त्याने शेजारच्या खिडकीवरील सहकाऱ्याकडून उचललेला असतो.

आता त्या कारकुनाच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’ बसविला आहे अशी कल्पना करावी. एजंट माणसाची भाषा जाणतो. परंतु गाड्यांचे वेळापत्रक त्याच्यापाशी नसते. त्याकरिता त्याला काही साधने दिलेली असतात. साधन म्हणजे एखादे ठरावीक काम करून देणारा छोटा संगणक-कार्यक्रम : एक गाड्या शोधण्यासाठी, दुसरा तिकीट काढण्यासाठी, तिसरा ते रद्द करण्यासाठी. ह्या कार्यक्रमांचा अंतर्भाग एजंटला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असते ते साधनाचे नाव, चार-सहा ओळींचे वर्णन आणि भरावयाचे रकाने. कोणते साधन केव्हा उचलावे आणि रकान्यात काय लिहावे, हे त्याने तेवढ्यावरून ठरवावयाचे असते. शेजारची खिडकी त्याला नसते. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली, तेव्हापासून एकाने तयार केलेले साधन भलत्याच कोणाचा एजंट वापरू शकतो. वर्णन लिहिणारा आणि वाचणारा ह्यांची गाठ पडण्याची शक्यता त्यामुळे आणखीच कमी झाली.

अशा स्थितीत ‘गाड्या शोधते’ एवढेच वर्णन लिहिणे म्हणजे नवख्या कारकुनाला खिडकीवर बसवून निघून जाण्यासारखे आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘दोन स्थानकांमधील, दिलेल्या तारखेच्या थेट गाड्या दाखविते. शहराचे नाव चालत नाही. स्थानकाचा संकेत द्यावा, जसे नवी दिल्लीसाठी एनडीएलएस, हजरत निजामुद्दीनसाठी एनझेडएम. एका शहरात अनेक स्थानके असल्यास प्रत्येकासाठी वेगळा शोध घ्यावा. जागा शिल्लक आहेत की नाहीत हे ह्या साधनाने कळत नाही.’ शेवटचे वाक्य लिहिण्याचा लेखकाला नेहमी आळस येतो. साधन काय करते हे सांगण्यात त्याला अभिमान वाटतो. काय करीत नाही हे सांगण्यात कमीपणा वाटत असावा. वस्तुतः यादीत गाडी दिसली म्हणजे जागा आहेच, असा समज एजंटने करून घेऊ नये ह्यासाठी तेच वाक्य सर्वांत उपयोगाचे आहे.

तारखेच्या रकान्यावर थोडे थांबले पाहिजे. 05/06 म्हणजे भारतात पाच जून, अमेरिकेत सहा मे. वर्ष, महिना, दिवस हा क्रम वर्णनात उदाहरणासह दिला की हा प्रश्न मिटतो. ‘उद्या’ आणि ‘रात्री’ हे शब्द मात्र तेवढ्याने सुटत नाहीत. अनेक संगणक जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत अशा संगणकाच्या लेखी दिल्लीत अजून कालचाच दिवस असतो. रात्री दोन वाजता कोणी ‘उद्याचे तिकीट’ मागितले, तर एजंट आजचेच काढून मोकळा होईल. शिवाय रविवारी रात्री साडेबाराची गाडी असे आपण सहज म्हणतो, पण रेल्वेच्या हिशेबी ती सोमवारची असते. तारीख भारतीय वेळेनुसार धरावी, आणि मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीची तारीख प्रवाशाकडून पक्की करून घ्यावी, ही दोन वाक्ये वर्णनात हवीत.

शोध चुकला तर पुन्हा घेता येतो. तिकीट रद्द करणाऱ्या साधनाचे तसे नाही. दिवाळीसाठी दिल्लीहून पुण्याला निघालेल्या चौघांच्या कुटुंबाचे तिकीट एकाच पीएनआर क्रमांकावर आहे. आजोबांची प्रकृती बिघडते आणि मुलगा एजंटला सांगतो, ‘बाबांचे तिकीट रद्द कर.’ साधनाच्या वर्णनात ‘पीएनआर घेऊन तिकीट रद्द करते’ एवढेच लिहिलेले असेल, तर चौघांच्याही जागा जातील. आणि सणाच्या गर्दीत त्या परत मिळणे कठीण. एजंटने आज्ञा मोडली असे येथे म्हणता येणार नाही. प्रवाशांची नावे न दिल्यास सर्वांचे तिकीट रद्द होते, ते परत फिरविता येत नाही, पैसे कापले जातात, म्हणून आधी प्रवाशाची स्पष्ट संमती घ्यावी, हे कोणी तरी लिहावयास हवे होते. अर्थात केवळ शब्दांवर विसंबू नये; नावांचा रकाना सक्तीचा केला तर ही चूक घडण्यास वावच उरत नाही.

ह्यावरून वर्णन जितके लांब तितके चांगले असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. एजंटपुढे सर्व साधनांची वर्णने एकदमच मांडलेली असतात, आणि चाळीस साधनांची पाल्हाळिक वर्णने एकमेकांचा अर्थ झाकोळून टाकतात. ‘गाडी-माहिती’ आणि ‘गाडी-तपशील’ अशी दोन नावे शेजारी असतील तर माणूसही गोंधळेल. तेथे आणखी शब्द घालण्यापेक्षा एक साधन काढून टाकणेच बरे.

लिहिलेले वर्णन शिळेही होते. रेल्वेचे आरक्षण 120 दिवस आधी करता येत असे. 1 नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 60 दिवसांवर आली. ज्या वर्णनात 120 हा आकडा लिहून ठेवलेला असेल, ते त्या दिवशी असत्य झाले, आणि ते वाचणारा एजंट प्रवाशाला तीन महिन्यांनंतरच्या तिकिटाचे आश्वासन देत राहिला असता. बदलणारे आकडे वर्णनात न घालता साधनाच्या उत्तरात घालावेत. मुदतीबाहेरची तारीख आली असता नुसते ‘त्रुटी’ असे न कळविता, ‘ह्या तारखेचे आरक्षण अद्याप उघडलेले नाही, अमुक दिवशी उघडेल’ असे साधनानेच सांगावे, म्हणजे तो दिवस एजंट प्रवाशाला कळवू शकेल.