तोफांविना वेढा

युरोपच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्राच्या काठी, एस्टोनिया नावाचे एक चिमुकले राष्ट्र आहे. त्याची लोकसंख्या अवघी तेरा-चौदा लाख. आणि पूर्वेकडील शेजारी कोण, तर अफाट विस्ताराचा रशिया! जवळजवळ अर्धशतक सोव्हिएत अमलाखाली काढल्यावर १९९१ साली एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. ह्या देशाने शाळाशाळांतून संगणक पोहोचविले. २००५ साली तर तेथील नागरिकांनी घरबसल्या संगणकावरून मतदान केले. कारभार असा सुलभ झाला खरा. परंतु सारा देश त्या तारांवर विसंबून राहू लागला.

राजधानी तालिन येथे सोव्हिएत सैनिकाचा एक ब्राँझचा पुतळा होता. १९४७ साली उभारलेला हा पुतळा रशियन भाषक रहिवाशांना नाझींवरील विजयाचे स्मारक वाटे. एस्टोनियन लोकांना मात्र तो पारतंत्र्याची आठवण करून देई. एप्रिल २००७ मध्ये सरकारने तो शहराच्या मध्यभागातून सैनिकी दफनभूमीत हलविला. रस्त्यांवर दंगल उसळली. रशियाने तीव्र निषेध केला. त्याच सुमारास सरकारी कचेऱ्या, वृत्तपत्रे व बँका यांची संकेतस्थळे एकामागून एक बंद पडू लागली.

हे घडले कसे? टपाल कचेरीच्या खिडकीपाशी काही काम नसलेले हजार लोक येऊन उभे राहिले, तर ज्याला खरोखर तिकीट हवे आहे तो पुढे पोहोचणार कसा? येथेही तसेच झाले. निरनिराळ्या देशांतील असंख्य संगणक एकाच वेळी एस्टोनियाच्या संकेतस्थळांवर तुटून पडले. त्यांतील पुष्कळ संगणक चोरवाटेने ताब्यात घेतलेले होते; आपले यंत्र लढाईवर गेले आहे, ह्याचा त्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. १० मे रोजी देशातील सर्वांत मोठ्या बँकेस तासाहून अधिक काळ आपले संगणकीय व्यवहार थांबवावे लागले. शेवटी परदेशांतून येणारी वाट काही काळ रोखूनच बचाव करणे भाग पडले. किल्ल्याचे दरवाजे लावून घ्यावेत, तसाच हा प्रकार! हा वेढा सुमारे तीन आठवडे चालला.

शत्रू कोण, हा प्रश्न मात्र सुटला नाही. एस्टोनियाने रशियाकडे बोट दाखविले. रशियाने आरोप नाकारला आणि तपासात साहाय्य करण्यासही नकार दिला. शिक्षा झाली ती एस्टोनियातच राहणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याला, आणि तीही दंडाची. एस्टोनिया २००४ पासून 'नाटो' ह्या संरक्षण संघटनेचा सभासद होता. एकावरील सशस्त्र हल्ला तो सर्वांवरील हल्ला, असा त्या संघटनेचा करार आहे. पण जेथे एकही गोळी सुटली नाही, त्यास सशस्त्र हल्ला म्हणावे काय?

ह्या प्रश्नाचा अभ्यास एकट्याने होण्यासारखा नव्हता. मे २००८ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, जर्मनी, इटली, स्लोव्हाकिया व स्पेन ह्या सात देशांनी मिळून तालिन येथे संगणक-संरक्षणाचे एक केंद्र स्थापिले. पुढे जपान व दक्षिण कोरिया यांसारखे दूरचे देशही त्यात सामील झाले. तेथे दरवर्षी लुटुपुटूची लढाई होते. एक गट काल्पनिक देशाच्या यंत्रणेवर हल्ला चढवितो आणि निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ ती सांभाळतात.

एस्टोनियाने आणखी एक पाऊल टाकले. २०१७ साली त्याने लक्झेंबर्ग ह्या मित्रदेशाशी करार केला आणि आपल्या महत्त्वाच्या दप्तराच्या प्रती तेथील संगणकांत ठेवण्याची व्यवस्था केली. ह्या जागेस वकिलातीसारखेच संरक्षण आहे. एस्टोनियाच्या संमतीवाचून लक्झेंबर्गच्या अधिकाऱ्यांनाही आत पाऊल ठेवता येत नाही.