मिरचीआधी वही घे

पोरी, मसाल्याचा धंदा काढतेयस हे ऐकून जीव सुपाएवढा झाला. पण मिरची भरण्याआधी एक जाड वही घे आणि वर्षभराचा धंदा आधी तिच्यात करून बघ.

आराखडा बँकेसाठी करायचा असतो, असंच मीही समजत होते. पहिल्या वर्षी प्रकल्प अहवाल दुसऱ्याकडून टाइप करून घेतला आणि न वाचताच सह्या केल्या. मार्चमध्ये ब्याडगीचा भाव बरा मिळाला म्हणून होते नव्हते ते सगळे पैसे मिरचीत घातले. मसाला झाला, दुकानांत गेला, पैसे उधारीत अडकले. जूनमध्ये कांडपाची मजुरी द्यायला हातात काही नव्हतं. पाटल्या गहाण पडल्या. धंदा तोट्यात नव्हता गं! पैसा कुठल्या महिन्यात जातो आणि कुठल्या महिन्यात परत येतो, एवढंच मी कागदावर मांडलं नव्हतं.

म्हणून वहीत बारा महिन्यांची बारा पानं कर. एका बाजूला येणं, दुसऱ्या बाजूला देणं. मार्च-एप्रिलचं देणं पानात मावणार नाही आणि येणं कोरं राहील. तो खड्डा किती खोल आहे ते दिसलं, की खेळतं भांडवल किती मागायचं ते कळतं. येणं लिहिताना माल दिला ती तारीख धरू नकोस, पैसे हातात पडतील ती धर. उद्यम नोंदणी करून घे, ती फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करारात जास्त मुदत असली तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. पण दुकानदार एवढ्यात देईलच असं धरून वही लिहू नकोस.

भाव ठरवण्याआधी तराजू काढ. मी एकदा १० किलो मिरची देठ खुडून, कडक वाळवून पुन्हा तोलली, तर साडेआठ किलो भरली. म्हणजे ३०० रुपये किलोची मिरची मला ३५३ ला पडली होती, आणि मी मात्र ३०० धरूनच मसाला विकत होते. कांदा-खोबरं, तेल, पिशवी, लेबल, सगळं असंच तोलून लिही. तुझी स्वतःची मजुरीही लिही. बायका तीच विसरतात.

मग बघ, किती किलोला खर्च सुटतो. समज, भाडं, वीज आणि पगार मिळून महिन्याला १८,००० जातात आणि किलोमागे ९० सुटतात. म्हणजे २०० किलो विकेपर्यंत तुझं काही नाही. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज जवळजवळ ८ किलो. ते कोण घेणार, त्या दुकानांची नावं लिही. नावं सुचली नाहीत तर जागा भाड्याने घेऊ नकोस.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, म्हणजे पीएमईजीपीतून, कर्ज घेणार असशील तर आणखी एक. त्यातलं अनुदान हातात पडत नाही, ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. ते येण्याच्या रकान्यात घालू नकोस. आणि अहवाल कुणी का टाइप करेना, आकडे तुझ्या वहीतलेच हवेत. मॅनेजरने मध्येच बोट ठेवून विचारलं तर तुला उत्तर देता आलं पाहिजे.

रविवारी वही घेऊन ये. मार्चचं पान आपण मिळून लिहू. येताना दोन किलो मिरची आण, तराजू मी काढून ठेवते.