ओल कुठून येते ते आधी बघ

चि. मुग्धास,

ठाण्यातली जागा पसंत पडल्याचं कळलं. डिपॉझिट देण्याआधी एक कर. दमदार पाऊस पडून गेल्यावर पुन्हा एकदा जाऊन ये. नव्या रंगावर भुलू नकोस. बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं कपाट वीतभर पुढे ओढायला लाव आणि मागे तळहात टेकव. भिंत गार, दमट लागली, पोपडे सुटलेले दिसले, पांढरा खार किंवा काळे ठिपके असले, कुबट वास आला, तर तिथे पाणी मुरत असावं.

आम्ही दादरला भाड्याने राहायचो तेव्हा आमचा सुहास दोन वर्षांचा होता. पावसाळा लागला की रात्रभर त्याची छाती घरघरायची. मालक म्हणायचे, "तुम्ही ओले कपडे घरात वाळत घालता, म्हणून बुरशी धरते." मला ते खरं वाटलं. दोन पावसाळे मी रोज भिंत पुसली आणि स्वतःलाच बोल लावला. शेवटी प्लंबरने गिलावा फोडला, तर वरच्या न्हाणीघराचा पाइप आतून गळत होता. त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सांगते, तुझ्या बाळाला खोकला सुरू झाला आणि कुणी तुझ्या घरकामाला नावं ठेवली, तर निमूट ऐकून घेऊ नकोस.

खात्री करायची तर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला घट्ट चिकटव. दोन दिवसांनी तो भिंतीकडून ओला निघाला तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडून ओला असेल तर घरातली वाफ आहे. तिला एक्झॉस्ट फॅन पुरतो. गळणाऱ्या भिंतीला नुसता रंग देणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता कागदाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो; वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. पण तुझा करार अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचा आहे, भाडेपट्ट्याचा नाही, म्हणून त्या कलमावर विसंबू नकोस. गळती किती दिवसांत थांबवायची, खर्च कुणाचा, हे करारातच लिहून घे. करार नोंदवून घ्यायची जबाबदारी कलम ५५ नुसार मालकाची आहे. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून पाणी येत असेल तर ते काम सोसायटीचं, पण सोसायटीला पत्र मालकानेच द्यायला हवं.

राहायला जाशील त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठव. पुढे डिपॉझिट परत घेताना तो कामी येतो.

शनिवारी जागा बघायला जाणार असशील तर कळव, मीही येते.

तुझी,
आत्या