काळ्या जमिनीची पारख

(डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन जमिनी आतून अगदी वेगळ्या असू शकतात. जमिनीचा प्रकार ठरवताना तिचा उतार, तिथला पाऊस आणि प्रयोगशाळेतील परीक्षण यांचा मेळ कसा घालतात, हे या पाठात अहिल्यानगर जिल्ह्याच्या उदाहरणाने सांगितले आहे.)

‘जमीन’ हा शब्द उर्दूत आहे तसाच मराठीतही आहे. जिरायत, बागायत, तालुका, जिल्हा हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. महसुलाचा कारभार फारसी भाषेत चालत असे, त्या काळात हे शब्द मराठीत रुळले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याने जमिनीचा कस व तिचे पीक पाहून शेतसारा ठरवण्याची पद्धत घालून दिली होती. चांगल्या जमिनीला जास्त सारा, हलक्या जमिनीला कमी. म्हणजे जमिनीची पारख करण्याची गरज फार जुनी आहे. पण ही पारख करायची कशी?

शेतकऱ्यांनी आपल्या अनुभवातून जमिनींना नावे दिली आहेत. खोल आणि चिकण ती भारी जमीन. हातभर खोदताच मुरूम लागतो ती हलकी किंवा बरड जमीन. जिच्यात क्षार फुलतात ती खारवट. जी ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी कठीण होते, जिच्यात पाणी मुरत नाही, ती चोपण. ही नावे अगदी नेमकी आहेत. मात्र जमीन अशी का झाली आणि उद्या ती कशी होईल, हे केवळ नावावरून कळत नाही. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे भूरूप, म्हणजेच जमिनीचा चढउतार. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचे पूर्वीचे नाव अहमदनगर. ते २०२४ साली बदलले. जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचे उंच डोंगर आहेत. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) तेथेच जिल्ह्याच्या सीमेवर आहे. तेथून पूर्वेकडे जमीन उतरत जाते. प्रवरा, मुळा आणि गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांत ती बरीचशी सपाट होते.

या बहुतेक साऱ्या प्रदेशाखाली एकच खडक आहे. तो म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर पडलेल्या लाव्हाचा हा खडक बनला. खडक झिजतो आणि त्याची माती होते. डोंगरमाथ्यावर झालेली माती पावसाबरोबर वाहून जाते, म्हणून तेथे उथळ, मुरमाड जमीन उरते. उतारावर मध्यम जमीन असते. वाहून आलेले बारीक कण खोऱ्यात साचतात आणि तेथे खोल काळी जमीन तयार होते. खडक एक, पण उतारावरील जागेप्रमाणे जमिनी तीन!

दुसरी गोष्ट म्हणजे हवामान. सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघरच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षाही जास्त पाऊस पडतो. पूर्वेकडील तालुके मात्र पर्जन्यछायेत येतात. तेथे वर्षाला सुमारे पाचशे मिलिमीटरच पाऊस होतो, आणि तोही दरवर्षी भरवशाचा नसतो. उलट कडक उन्हामुळे तेथे पावसाच्या दुपटीपेक्षा जास्त पाण्याची वाफ होऊ शकते.

याचा मातीवर काय परिणाम होतो? जोरदार पाऊस मातीतील चुना आणि क्षार धुऊन नेतो. म्हणून अकोल्याच्या घाटमाथ्यावरील माती तांबूस व किंचित आम्ल असते. तेथे भात आणि नागली पिकते. पूर्वेकडे पाऊस इतका कमी, की क्षार धुऊन जातच नाहीत. पाणी थोडे खाली मुरते आणि उन्हाने आटते. त्यातील चुना खालच्या थरात खड्यांच्या रूपाने राहतो. कॅल्शियम अशा रीतीने चुन्यात अडकले, की खालच्या थरातील पाण्यात सोडियमचा वाटा वाढत जातो. या सोडियमची गोष्ट पुढे येणार आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष मातीची परीक्षा. त्यासाठी आधी शेतात सुमारे दीड मीटर खोल खड्डा खोदतात. खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर मातीचे थर दिसतात. कोणता थर किती जाडीचा आहे, त्याचा रंग कसा आहे, मुळे किती खोल गेली आहेत, चुन्याचे खडे कोठे सुरू होतात, हे सारे वहीत टिपून घेतात. मग प्रत्येक थराची माती वेगळ्या पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेतात. माती सावलीत वाळवतात, लाकडी हातोडीने फोडतात आणि २ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून चाळून घेतात.

प्रयोगशाळेत प्रथम कणांचे प्रमाण काढतात. माती पाण्यात ढवळली, की जाड वाळू लगेच तळाशी बसते, तिच्याहून बारीक पोयटा सावकाश बसतो आणि चिकणमाती बराच वेळ तरंगत राहते. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. भारी काळ्या जमिनीत अशा कणांचे प्रमाण अनेकदा निम्म्याहून अधिक भरते. त्यानंतर सामू पाहतात. सामू ७ असेल तर माती उदासीन, त्याहून कमी असेल तर आम्ल आणि जास्त असेल तर विम्ल. विद्युत वाहकतेवरून विरघळलेले क्षार किती आहेत ते समजते. मातीवर आम्लाचे थेंब टाकल्यावर ती फसफसली, तर तिच्यात चुना आहे असे ओळखतात.

या परीक्षणात एक गंमत कळते. काळा रंग पाहून वाटते, की या मातीत कुजलेला पालापाचोळा भरपूर असेल. प्रत्यक्षात तिच्यात सेंद्रिय कर्बाचे प्रमाण बहुधा एक टक्क्यापेक्षाही कमी असते. थोडासा सेंद्रिय पदार्थ चिकणमातीच्या कणांना घट्ट बिलगून बसतो आणि सगळ्या मातीला काळेपणा देतो. नुसता रंग पाहणारा माणूस येथे फसतो.

काळ्या मातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात शेतात मोठमोठ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात आणि आतली माती एकमेकींवर दाबली जाते. खोल थरांत त्यामुळे घासून चकचकीत झालेले पृष्ठभाग दिसतात. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हणतात, ते यामुळेच. अशा मातीला शास्त्रज्ञ ‘व्हर्टिसॉल’ म्हणतात. लॅटिन भाषेत ‘व्हर्टो’ म्हणजे उलटणे. दख्खनच्या काळ्या जमिनींवरील अभ्यासात अहिल्यानगर जिल्ह्यातील ‘निमोणे’ या मृदाश्रेणीचा उल्लेख अनेकदा येतो.

ही खोल माती एका मीटरमध्ये दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस थांबल्यावरही रब्बीची ज्वारी केवळ ओलीवर उभी राहते. पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात हा फार मोठा आधार आहे.

पण याच गुणातून एक संकट उभे राहिले. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. कालव्यांचे पाणी संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी या भागांत खेळू लागले. कोरडवाहू शेते हिरवीगार झाली आणि ऊस उभा राहिला. पाणी मात्र अनेकदा गरजेपेक्षा जास्त दिले जाई. चिकण जमिनीतून त्याचा निचरा होईना. जमिनीतील पाण्याची पातळी वर आली. दिव्याच्या वातीतून तेल वर चढते, तसे खालचे पाणी क्षार घेऊन वर चढू लागले. पाण्याची वाफ झाली आणि क्षार मागे राहिले. काही ठिकाणी चांगली जमीन खारवट आणि चोपण झाली. जिने सोने पिकवायचे, तिच्यात बीही उगवेना.

पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्रात काम करणारे शास्त्रज्ञ जे. के. बसू आणि त्यांचे सहकारी सिरूर यांनी हा प्रश्न हाती घेतला. नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालवे यांच्याखालील जमिनींचे त्यांनी सर्वेक्षण केले. मातीचे थर व त्यांचे गुणधर्म पाहून जमिनींचे प्रकार पाडले. हे काम १९३८ साली प्रसिद्ध झाले. जमिनीचा प्रकार आधी कळला, तर कोणत्या शेताला किती पाणी मानवेल हे ठरवता येते. पाणी सगळीकडे एकच असते, जमीन मात्र एक नसते.

आता समजा, कालव्याकाठी शेजारी शेजारी दोन शेते आहेत. दोन्हींतील पीक पिवळे पडले आहे. पहिल्या शेतातील मातीची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आणि सामू ८.५ पेक्षा कमी आला. ही खारवट जमीन. निचऱ्यासाठी चर काढून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढले, तर ती सुधारते. दुसऱ्या शेतातील सामू ८.५ पेक्षा जास्त आला आणि मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाले. ही चोपण जमीन. सोडियममुळे तिचे कण सुटे होऊन छिद्रे बुजली आहेत. तिला नुसतेच पाणी दिले, तर ती आणखी बिघडते. तिच्यात आधी जिप्सम घालावे लागते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, मग सुटलेले सोडियम पाण्याने धुऊन चरांतून बाहेर काढायचे. रोग सारखा दिसला, तरी औषध वेगळे! चुकीचा उपाय केला तर कुटुंबाचे वर्ष वाया जाते आणि जमीनही हातची जाते.

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात आज जमिनीच्या अशा प्रश्नांवर संशोधन चालते. २०१५ पासून देशात शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका देण्याची योजना सुरू झाली. तिच्यात सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब आणि पोषक द्रव्ये यांची माहिती असते. पण पत्रिकेवरचे आकडे एकटे वाचू नयेत. शेत उतारावर आहे की खोलगटात, पाऊस किती, पाणी कोठून येते, हेही त्यांच्या शेजारी मांडावे. शेतकऱ्याचा अनुभव आणि प्रयोगशाळेतील आकडा एकमेकांना भेटले, म्हणजे जमिनीची खरी ओळख पटते.

शब्दार्थ
कस – सुपीकपणा, जोम
जिरायत – पावसावर अवलंबून असलेली शेती
पर्जन्यछाया – डोंगरामुळे कमी पाऊस मिळणारा प्रदेश
पोयटा – वाळूपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड कणांची माती
सामू – माती आम्ल आहे की विम्ल, हे दाखवणारा आकडा
निचरा – जास्तीचे पाणी निघून जाणे
चर – पाणी वाहून नेण्यासाठी खणलेला लांब खड्डा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मलिक अंबर काय पाहून शेतसारा ठरवत असे?
(आ) अहिल्यानगर जिल्ह्यातील बहुतेक भागाखाली कोणता खडक आहे?
(इ) काळ्या जमिनीत भेगा का पडतात?

२. कारणे लिहा.
(अ) पूर्वेकडील जमिनीत चुन्याचे खडे सापडतात.
(आ) चोपण जमिनीला नुसते पाणी देऊन चालत नाही.

३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
कालव्याच्या पाण्यामुळे काही जमिनी कशा बिघडल्या?

४. उपक्रम
काचेच्या बाटलीत मूठभर माती व पाणी घालून हलवा. बाटली एक दिवस स्थिर ठेवा. तळाशी बसलेल्या थरांचे चित्र वहीत काढून त्यांना नावे द्या.