असाध्य आजार आणि उपशामक शुश्रूषा : एक परिचय

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला लोकांच्या घरातील आजार लवकर कळतो. मुदत ठेव मोडावयास आलेल्या गृहस्थास कारण विचारले की पुष्कळदा उत्तर येते, "वडिलांना नागपूरला न्यायचे आहे." काही वर्षांपूर्वी पुसद तालुक्यातील असेच एक शेतकरी कुटुंब आमच्यासमोर आले. तंबाखूमुळे झालेला तोंडाचा कर्करोग पसरलेला होता. "आता काही करता येणार नाही, घरी न्या," एवढेच सांगून एका रुग्णालयाने त्यांना परत पाठविले होते. घरी वेदना मात्र रात्रंदिवस चालूच होत्या. करण्यासारखे खरोखरच काही उरले नव्हते काय?

आजार बरा होणे शक्य नसले तरी त्रास कमी करणे शक्य असते. या शास्त्रालाच उपशामक शुश्रूषा म्हणतात. डॉक्टर मंडळी त्यास 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात. ती केवळ मरणासन्न रुग्णासाठी आहे, हा गैरसमज आहे. कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, पक्षाघात अशा गंभीर आजारांत मूळ उपचारांबरोबरच ती सुरू करता येते.

डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. रुग्णाचे दुःख शरीराचे असते तसेच मनाचे, कुटुंबाचे व पैशाचेही असते, हा त्यांचा मुख्य विचार होय. आपल्या देशातील असे पहिले केंद्र म्हणजे मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली स्थापन झालेले शांती अवेदना सदन. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र आहे. केरळमध्ये १९९३ साली कालिकत येथे आरंभ झालेले कार्य स्वयंसेवकांच्या बळावर घरोघरी पोहोचले.

वेदनाशामक औषधासंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली तीन पायऱ्या सांगितल्या : प्रथम पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, नंतर मध्यम आणि तीव्र वेदनेस मॉर्फिन. औषध रुग्ण कण्हू लागल्यावर नव्हे, तर घड्याळाप्रमाणे ठराविक वेळी द्यावयाचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागेल ही भीती बहुधा निराधार असते. बद्धकोष्ठ मात्र होते, त्यावरील औषध सोबतच द्यावे लागते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे हे औषध दुर्मिळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची वाट सोपी केली.

घरच्यांनी करावयाच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. तोंड वारंवार स्वच्छ करावे. आजाराबद्दल रुग्णाने विचारल्यास खोटे सांगू नये. त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे आधी ऐकावे. शुश्रूषा करणारी बहुधा घरातील सून, पत्नी वा मुलगी असते. तिलाही झोप व विश्रांती हवी, हे आपण विसरतो.

आमच्या कामातील एक माहिती येथे देतो. आजारी खातेदारास सही करता येत नसेल, तर दोन साक्षीदारांसमक्ष अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे काढता येतात. त्यांपैकी एक जबाबदार बँक अधिकारी असावा लागतो. वारसाचे नामनिर्देशनही वेळीच करावे.

भगवान बुद्धांनी अतिसाराने पडून असलेल्या एका भिक्षूस आनंदाच्या मदतीने स्वतः धुऊन स्वच्छ केले, अशी कथा विनयपिटकात आहे. रुग्णाच्या मलमूत्राची किळस न करणे, हे त्यात चांगल्या शुश्रूषकाचे लक्षण सांगितले आहे. वरील शास्त्र याहून वेगळे काय सांगते?

केंद्र सरकारचा उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. गरजूंनी जिल्हा रुग्णालयात त्याविषयी अवश्य चौकशी करावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गल्लीतील रुग्णाजवळ आठवड्यातून एक तास बसा. तेवढ्या वेळात त्या घरातील माउली निदान निवांत दोन घास तरी खाईल.