लायसन नको, पण शिकायला नको का? : अल्ट्रालाइट विमानाचा पाठ



वाहतुकीची साधने शिकवताना एखादं मूल हमखास विचारतं, "मॅडम, विमानाला पण लायसन लागतं का?" आपण "हो" म्हणतो आणि पुढे जातो. पण अमेरिकेत एका प्रकारच्या विमानाला ते लागतच नाही. या विमानाला अल्ट्रालाइट म्हणतात.

तिथली विमान वाहतूक संस्था म्हणजे एफएए. तिने १९८२ साली 'पार्ट १०३' हे नियम आणले. त्यानुसार चालकाला परवाना नको, डॉक्टरचा दाखला नको, विमानाची नोंदणी नको. वयाची अटसुद्धा नाही! मग बंधन आहे कशावर? तर यंत्रावर. सीट एकच हवी. इंजिनाच्या विमानाचं रिकामं वजन २५४ पाउंडांपेक्षा कमी, म्हणजे साधारण ११५ किलो. आपल्या साध्या मोटारसायकलीएवढंच की! (संकटात उघडायच्या पॅराशूटचं वजन यात धरत नाहीत, हे मला फार आवडलं.) इंधन जास्तीत जास्त ५ गॅलन, वेग जास्तीत जास्त ५५ नॉट, म्हणजे ताशी १०२ किलोमीटरच्या आसपास.

यंत्र इतकं हलकं आणि हळू असलं, की पडलं तरी दुसऱ्याचं नुकसान कमी. म्हणूनच वस्तीवरून किंवा जमलेल्या गर्दीवरून उडायला मनाई आहे. उड्डाण दिवसाउजेडीच करायचं, इतर विमानांना आधी वाट द्यायची, आणि हे सगळं फक्त हौस किंवा खेळ म्हणून. मोठ्या विमानतळाभोवतीच्या आकाशात जायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते.

आता शिक्षक म्हणून मला खटकतं ते सांगते. सीट एकच असेल तर शिकवणारा बसणार कुठे? सायकल शिकवताना आपण कॅरियर धरून मागे पळतो. इथे पहिलंच उड्डाण एकट्याचं! पूर्वी फक्त शिकवण्यासाठी दोन सीटच्या अल्ट्रालाइटला खास सूट होती, ती २००८ साली संपली. दुसरी सीट आली की ते कायद्याने अल्ट्रालाइट राहत नाही, आणि परवाना लागतो.

त्यासाठी २००४ पासून 'स्पोर्ट पायलट' हा सोपा परवाना आहे. वय किमान १७ वर्षं. विमानासाठी किमान २० तास उड्डाण, त्यातले १५ तास प्रशिक्षकासोबत आणि ५ तास एकट्याने. लेखी परीक्षा वेगळी, उडवून दाखवायची वेगळी. वैद्यकीय दाखल्याऐवजी बहुतेकांना मोटारीचं लायसन चालतं. माझं मत विचाराल तर ज्याला एका सीटचं विमान उडवायचंय, त्यानेही आधी दोन सीटच्या हलक्या विमानात प्रशिक्षकाशेजारी बसून हात बसवून घ्यावा.

मोठी विमानं चालवणाऱ्यानेसुद्धा! कारण अल्ट्रालाइटला वजन कमी आणि हवेचा अडथळा जास्त. इंजिन बंद पडलं की त्याचा वेग झपकन उतरतो. लगेच नाक खाली करून वेग टिकवला नाही, तर पंख विमानाला पेलत नाहीत. जड विमानात विचार करायला थोडा वेळ मिळतो, इथे मिळत नाही. ही सवय पुस्तक वाचून लागत नाही.

आपल्याकडे अशा छोट्या विमानांना मायक्रोलाइट म्हणतात आणि ती चालवायला डीजीसीएचा परवाना लागतो. एनसीसीच्या हवाई शाखेतली मुलंमुली दोन सीटच्या मायक्रोलाइटमध्ये प्रशिक्षकासोबत उडतात. पालकहो, आवड असलेल्या मुलांसाठी ही वाट लक्षात ठेवा.

वर्गात घ्यायचं असेल तर वरचे आकडे गणिताला छान आहेत. १ पाउंड म्हणजे ०.४५४ किलो आणि १ गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, एवढं फळ्यावर लिहा आणि टाकीत किती लिटर मावतं ते मुलांना काढू द्या. सातवी-आठवीला मात्र एवढंच विचारा: दुसरी सीट बसवली की नियम का बदलतो?